रेघ कुठल्या बाजूला

"काच दिसली तर ती पुसलीच नाय, असं समज."

हा आवाज मनिषाच्या बापाचा, काशिरामचा. तिला तेव्हा सात वर्षंही पुरती झाली नव्हती. पेंढा आणि विटा वाहणारा त्याचा टेम्पो सकाळी अंगणात उभा असायचा. ती बॉनेटवर मांडी घालून बसायची आणि तो खालून जुन्या बनियनचा तुकडा वर द्यायचा. दोन्ही हातांनी घासून झालं की ती विचारायची, "बाबा, काच कशी दिसते?" त्यावर त्याचं हे उत्तर. मग दिसायचं तरी काय, हे तिला कळायचं नाही. "पलीकडचं," तो म्हणायचा आणि चावी फिरवायचा.

टेम्पो गेला, बाप गेला. मनिषा बेचाळीसची झाली, सासरच्या घरावर दोन मजले चढले. पनवेल आणि उरणच्या मधल्या त्या गावात आता भात नाही, मिठागरंही नाहीत. आहेत त्या दारोदार पत्र्याच्या शेड आणि शेडखाली गाड्या. मनिषाच्या दारातली गाडी पांढरी. नवरा परेश सकाळी सातला आपली पिकअप घेऊन स्वतःच्या दोन डंपरांच्या कामाला उरणकडे निघून जायचा आणि ही गाडी आठवडाभर अंगणात नवरीसारखी बसून राहायची. ती बाहेर पडायची रविवारी, नाहीतर सासूबाईंच्या लग्नांना.

सखूबाईंची लग्नं म्हणजे त्या जिथे गातात ती लग्नं. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण आल्याशिवाय हळदीला शोभा नाही. मांडवात बसून ती धवले गाते, वराला वाट दाखवते, वधूला धीर देते. सखूबाई सत्तरीच्या झाल्या तरी आवाज उन्हात वाळवलेल्या दोरीसारखा, ताणला की अजून खणकन वाजणारा. नेऱ्यापासून उरणपर्यंत त्यांना बोलावणी यायची. त्यांना न्यायचं परेशने, परेशला वेळ नसला की रिक्षाने, रिक्षा मिळाली नाही की बोलावणं चुकायचं.

आणि मनिषाला गाडी चालवता येत होती. हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मंगळवार ते शुक्रवार, अकरा ते बारा, शिवणक्लासला जाते असं सांगून ती उरण नाक्यावरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जात होती. शिकवणाऱ्या आशालता मॅडम बोलायला तिखट. "मनिषाताई, ब्रेक म्हणजे कणिक नाही, एवढी तिंबू नका," म्हणायच्या. परीक्षा झाली, ती पास झाली, पोस्टमनने लायसन तिच्याच हातात दिलं. ते तिने लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवलं. त्याला आता महिना होत आला.

सांगायचं म्हटलं की तिला कोंबड्या आठवायच्या. पाच वर्षांपूर्वी स्कूटर शिकताना ती थेट शेजारच्या खुराड्यात घुसली होती. तिला फारसं लागलं नाही, कोंबड्यांनाही नाही. पण अख्खी आळी महिनाभर तिला "अंडी हायत का" विचारत होती आणि सगळ्यात मोठ्याने हसला होता परेश. तो वाईट नव्हता. हसरा होता, आणि त्या हसण्याचीच तिला भीती होती. एखादी गोष्ट परेशने हसण्यावारी नेली की ती या घरात पुन्हा उभी राहत नसे. स्कूटर तशीच विकली गेली होती. गाडीचंही तसंच झालं, तर शालूतलं ते कार्ड शालूतच राहणार होतं.

माघातल्या एका संध्याकाळी तिघं नेऱ्याहून परत येत होते. परेश चालवत होता, मनिषा शेजारी, सखूबाई मागे गुणगुणत. नेऱ्याहून पनवेलकडे यायचं म्हणजे मावळतीला तोंड. एका वळणावर सूर्य समोर आला आणि पुढची काच पांढरी झाली. त्या उजेडात हजार रेघा जाग्या झाल्या, आडव्या, गोल, ओघळलेल्या. रस्ता कुठे, सायकलवाला कुठे, काही दिसेना. परेश सवयीने चालवत राहिला, एका हाताने कपाळावर सावली धरून. मनिषाचा उजवा पाय मात्र नसलेल्या ब्रेकवर दाबला गेला होता.

मी असते तर, तिच्या मनात आलं. त्या खुर्चीत मी असते तर काय केलं असतं?

तिथेच तिने स्वतःशी ठरवलं. ही काच आधी साफ होऊ दे. एक रेघ राहिली नाही की सांगून टाकू.

दुसऱ्या दिवसापासून ती काचेच्या मागे लागली. आधी वर्तमानपत्र, कारण सगळे तेच सांगतात. बोळे ओले करून घासले तर काचेवर करकर आवाज आला, बोटं काळी झाली आणि काचेच्या कडेच्या रबरावर शाई बसली. रेघा तशाच. मग जुन्या सुती लुगड्याचा तुकडा. त्याने पाणी छान टिपलं, पण काचेवर इतके बारीक धागे सोडले, की वाटावं म्हातारीचे केस उडत उडत येऊन बसलेत. मग परेशचा पिवळा, जाड, गुबगुबीत फडका. त्याने गाडीचा पत्रा चमकायचा, काचेवर मात्र तो नुसता इकडचा मळ तिकडे नेऊन पसरायचा. मग भांड्यांचा साबण. त्याने इंद्रधनुष्य उमटलं. तिला त्याचं कौतुकही वाटलं आणि रागही आला.

अंगणात सुपात सुका जवळा निवडत बसलेल्या सखूबाई हे रोज बघत होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी मान न वळवता गाणं लावलं. अशी गाणी त्या उभ्या उभ्या जुळवायच्या.

"काच पुसते सून माझी, काच पुसते तिन्ही पारी,
कुनाचं तोंड बघायचं गो, गाडी तर उभी दारी?"

"तुमचंच तोंड," मनिषा म्हणाली. "नेऱ्याला नेताना नीट दिसाला पायजे ना."

"न्येनारा परेश. पुसनारी तू. आनि ब्लाऊज कवा शिवनार? कापड देऊन दिवाली झाली."

मनिषाने फडका पिळला. ते कापड ती केव्हाच पनवेलच्या शिंप्याकडे देऊन आली होती. "येत्या आठवड्यात," ती म्हणाली, आणि तो ब्लाऊज खरंच आठवड्यात आला, इतका बेतशीर, की सखूबाईंनी दोन बायकांना बोलावून दाखवला. मनिषाला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पनवेलला ब्लाऊज आणायला गेली, तेव्हाच तिला गाड्यांच्या सामानाचं ते दुकान दिसलं. आत सीटची कव्हरं, वासाच्या बाटल्या, स्टिअरिंगची वेष्टणं, आणि काउंटरवर चष्मा डोक्यावर चढवलेल्या एक बाई. दुकान त्यांचंच, त्यांचं नाव नीता.

"काचेला काय देऊ, ते नंतर. आधी सांगा, आत्तापर्यंत काय काय लावलंत?"

मनिषाने सगळं सांगितलं. साबणाचं सांगताना जरा लाजली.

"चला, टूथपेस्ट नाही लावलीत. परवा एक काका लावून आले." नीताताईंनी तीन फडके काउंटरवर टाकले. "डोळ्यांनी बघू नका, हात लावा."

मनिषाने पहिल्यावरून हात फिरवला. तो घसरला. दुसरा मऊ, लांब केसांचा. तिसरा चपटा, लहान लहान चौकटी विणलेला. त्यावर हात ठेवला तर भांडी घासून खरखरीत झालेली तिची बोटं अडकली, जणू फडक्यानेच धरून ठेवली.

"ह्यो धरतो," ती म्हणाली.

"बोटाला धरतो तो मळालाही धरतो. केसाळ तो बॉडीसाठी ठेवा. काचेला हा चपटा, आणि दोन घ्या. एक पुसायला, एक कोरडा, शेवटचा हात मारायला. घडी घालायची अशी, चार पदरी, एक बाजू मळली की उलटायची. एकच बाजू फिरवत राहिलं, की आपण काच पुसत नाही, मळ सारवतो." मग बाटल्या आल्या. "तुमच्या काचांना काळी फिल्म आहे?"

"नाय."

"अमोनियाने ती खराब होते. तुम्हाला नाही, तरी बिनअमोनियाचाच स्प्रे न्या, नाकालाही बरा. फेसवाला नको. आणि काचेवर फवारायचं नाही, फडक्यावर फवारायचं. थोडंसंच. लोकांना वाटतं जास्त लावलं की जास्त स्वच्छ." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मनिषाकडे नीट पाहिलं. "गाडी चालवतं कोण?"

एवढा साधा प्रश्न. दुकानात तिसरं कुणी नव्हतं, ओळखीचं तर नाहीच.

"घरचे," मनिषा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिने गाडीवर बोअरचं पाणी चार बादल्या ओतलं, धूळ वाहून घालवली, शेडमध्ये शिरणाऱ्या उन्हात सुकायला सोडली आणि भात लावायला आत गेली. परत येऊन नव्या फडक्याने, नव्या औषधाने हात मारला. थोडा फरक पडला, थोडाच. काच पुसताना साफ व्हायची आणि डोळ्यांदेखत पुन्हा पांढुरकी व्हायची, आजारातून उठलेल्या माणसाच्या ओठांसारखी.

सखूबाईंनी जवळ्याचं सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात देत उठल्या आणि गाडीपाशी आल्या. काचेच्या खालच्या कडेला, जिथे पाणी साचून वाळतं, तिथे त्यांनी बोट फिरवलं. बोटावर पिठासारखं काही आलं. ते त्यांनी सरळ जिभेवर ठेवलं.

"आई, औषध हाय त्याच्यावर."

"औषध नाय. मीठ हाय."

मनिषाने वाकून काचेची कड पाहिली.

"चव घे. बग तरी." सखूबाईंच्या डोळ्यांत भलताच उजेड आला होता. "अगो, आमी मिठागरात काय करायचो? खाडीचं पानी घ्यायचं, पातल पसरायचं, उनाला द्यायचं, आनि घरला जेवाला जायचं. तू येगलं काय केलंस? बोअर आपली खारी. नऊचं ऊन. चार बादल्या पसरल्यास आनि भात लावाला ग्येलीस." त्या हसायला लागल्या, कमरेवर हात ठेवून, खोकला येईपर्यंत. "चालीस वर्सं मिठागरात ग्येली माजी, आनि माज्या दारात काचेवर मीठ पिकतंय, मला दिसलं नाय. आख्ख्या गावाच्या गाड्या पांढऱ्या. सगली धुतात अशीच."

मनिषाने जीभ लावली. खारट, किंचित कडू.

त्या दिवसापासून दोघींचं एक झालं. काच धुवायची ती शेडच्या सावलीत, ऊन चढायच्या आधी. शेवटचं पाणी घरातल्या फिल्टरचं. प्यायचं पाणी गाडीला द्यायला सखूबाईंनी आधी नाक मुरडलं, मग स्वतःच तांब्या भरून आणायला लागल्या. वाळायला काहीच सोडायचं नाही, ओलं असतानाच टिपायचं. "मीठ बसायच्या आदी पानी उचलायचं," त्या बजावायच्या. "आमी बसायची वाट बगायचो, तू बसू द्येऊ नको." या वयात आपली विद्या अशी उलटी करून वापरायची, याची त्यांना मौज वाटत होती.

पांढुरका थर गेला. तरीही एक धूसरपणा उरला, धुक्यासारखा, तिरक्या उजेडातच दिसणारा. मनिषाने नीताताईंना फोन लावला.

"फडके कसे धुता?"

"मशीनमधी. बाकी कपड्यांसंगती."

"वास येतो का त्यांना? फुलाबिलांचा?"

मनिषाने फडका नाकाशी नेला. मोगऱ्याचा वास आला.

"तेच लागतंय काचेवर," नीताताई म्हणाल्या. "कपडे मऊ करायचं ते औषध फडक्याला आंधळं करतं. बोटाला धरतो का आता?"

धरत नव्हता. गुळगुळीत झाला होता, गोड बोलणाऱ्या माणसासारखा. तिने दोन्ही फडके गरम पाण्यात साध्या साबणाने वेगळे धुतले, दोनदा खळखळून काढले, सावलीत वाळवले.

"आणि ऐका मनिषाताई, एक युक्ती. बाहेरून पुसताना हात वर-खाली मारायचा. आतून पुसताना आडवा. मग रेघ राहिली तर तीच सांगते कुठल्या बाजूला आहे."

मनिषाला हे इतकं आवडलं, की फोन ठेवून तिने लगेच बाहेरून उभा आणि दारातून वाकून आतून आडवा, असा एकेक हात मारला. काचेला दोन बाजू असतात हे का तिला माहीत नव्हतं? पण इतके दिवस ती बाहेरूनच घासत होती.

संध्याकाळी शेडमध्ये तिरकं ऊन शिरलं तेव्हा तिने पाहिलं. उभी रेघ एकही नव्हती. होत्या त्या सगळ्या आडव्या. मळ आत होता. परेश दर रविवारी डॅशबोर्डवर चमक यायचं तेल लावायचा, ते उन्हाने तापून काचेवर जाऊन बसायचं, रोज थोडं थोडं.

ती ड्रायव्हरच्या खुर्चीत बसली. आतली काच पुसायला तिथे बसावंच लागतं, कुणी बघितलं तरी काही म्हणण्यासारखं नव्हतं. पुढे वाकून, कोपऱ्यात फडका बोटाने दाबत, आडवे हात मारत तिने सगळी काच पुसली. मग कोरड्याने शेवटचा हात. मग मागे टेकली.

समोर फाटक, फाटकापलीकडे रस्ता, रस्त्यावर वाळत घातलेली मासळी, तिच्यावर डोळा ठेवून बसलेलं एक मांजर. आणि दूर कर्नाळ्याचा सुळका, कुणी नुकताच धुऊन ठेवल्यासारखा. सूर्य पूर्ण आडवा येऊनही मधे काही पेटलं नाही. तिने हात पुढे केला तो काच आहे की नाही हे बघायला, आणि बोट टेकायच्या आत मागे घेतला, डाग पडेल म्हणून.

आनंद व्हायला हवा होता. झालाही. मग त्याच्या मागून भीती आली. आता सांगायला हवं होतं, आणि पुसायला काही उरलं नव्हतं.

परेश त्या रात्री जेवताना म्हणाला, "गाडी नवी आनल्यासारखी दिसतंय. शिवनक्लास सोडून ह्योच धंदा कर आता, काचवाली." आणि हसला. मनिषा पण हसली. पुढचा सगळा आठवडा ती रोज सकाळी ती साफ काच पुन्हा साफ करत राहिली. सखूबाईंनी विचारलं, "आता काय पुसतंस?" तिने फडक्याची घडी उलटली आणि दुसरी बाजू फिरवली.

फाल्गुनातल्या त्या गुरुवारी नेऱ्याला हळद होती. नवरीकडच्यांनी तीनदा फोन करून सखूबाईंना बोलावलं होतं. बरोबर गाणार होत्या नेऱ्याच्याच गंगाबाई, पण एकटीने सगळे धवले ओढायचा त्यांचा घसा राहिला नव्हता. सहाला हळद चढणार, परेश चारला येणार. सखूबाई तीनपासून तयार होत्या. हिरवं नऊवारी लुगडं, तो नवा ब्लाऊज, अंबाड्यावर अबोलीचा गजरा. पायरीवर बसून त्या आवाज गरम करत होत्या, ओठ मिटून.

पावणेचारला फोन वाजला. मनिषाचे हात ओले होते, तिने तो तसाच ओट्यावर ठेवून स्पीकर लावला. मग काय वाटलं कोण जाणे, उचलून बाहेर आणला आणि सासूबाईंच्या शेजारी पायरीवर ठेवला.

"मी नाय येत," परेशचा आवाज आला, मागे इंजिनांची घरघर. "डंपरच्या स्प्रिंगचा पाटा तुटलाय. सात वाजतील, आट पन वाजतील. आयेला सांग रिक्षा बग."

"ऐकतंय मी," सखूबाई म्हणाल्या.

"मंग बग ना आये. नाक्यावर मिळंल."

मनिषाने तिथल्या तिथे सासूबाईंच्या फोनवरून ओळखीच्या रिक्षावाल्याला विचारलं. तो म्हणाला, नेऱ्याला नको, परतीला मोकळं यावं लागतं. दुसऱ्याने उचललाच नाही. पायरीवरचा फोन चालूच होता, परेश कुणाला तरी जॅक कुठे लावायचा ते सांगत होता.

"ऱ्हाऊ दे," सखूबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, उतरला. "गंगी म्हनंल एकटी. म्हातारी बाई किती जनांना तरास देल." आणि त्यांनी हात मागे नेऊन अंबाड्यावरचा गजरा काढायला सुरुवात केली. आकडा केसांत अडकला होता. त्या तो हळूहळू सोडवत होत्या, घाई न करता.

मनिषाने ते पाहिलं. समोर शेडमध्ये गाडी उभी होती. फोनमधून परेशचा आवाज येतच होता. आत्ता तो हसला तर हसेल. पण हसला तरी हे बोललेलं असेल, परत न बोललेलं होणार नाही.

तिने वाकून सखूबाईंचा हात धरला आणि गजऱ्यावरून बाजूला केला.

"आई, राहू द्या तो. परेश, तू पन ऐक, जॅक मंग लाव." तिने श्वास घेतला. "मी नेतंय त्यांना. मला गाडी येते. लायसन येऊन दोन महिने झाले. शिवणक्लासला मी एक दिवस पन गेले नाय."